फुलाचा फेस देणारी बाटली आणि दोन पायऱ्यांचे स्टूल : चार महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

जूनच्या पहिल्या आठवड्यात क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील एका दुकानातून आम्ही आमच्या साडेचार वर्षांच्या मुलीसाठी तीन वस्तू घेतल्या. तळहातावर फुलाच्या आकाराचा फेस उमटवणारी हात धुण्याची बाटली 280 रुपयांना, वॉशबेसिनपुढे ठेवायचे दोन पायऱ्यांचे प्लास्टिकचे स्टूल 450 रुपयांना आणि दात घासताना समोर ठेवायचे दोन मिनिटांचे वाळूचे घड्याळ 90 रुपयांना मिळाले. मुलीने हात धुण्याचा कंटाळा करू नये, रोज तिच्यामागे ओरडत फिरावे लागू नये, एवढाच हेतू होता. ज्या वस्तूकडून आमची सर्वांत जास्त अपेक्षा होती, तिच्याबद्दल आज माझे मत बरेच बदलले आहे, आणि जी वस्तू दुकानदाराच्या आग्रहाखातर घेतली, तिच्यावाचून आता आमचे चालत नाही. अशाच खरेदीच्या विचारात असलेल्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी बाटलीविषयी. तिच्या डोक्यावर फुलाच्या आकाराची चकती आहे. त्या चकतीवर तळहात पालथा ठेवून दाबले की आतील पातळ साबण हवेसह बारीक जाळीतून वर ढकलला जातो आणि हातावर पाच पाकळ्यांचे पांढरे फूल उमटते. पहिल्या दिवशी मुलीचा आनंद पाहण्यासारखा होता. शेजारच्या मुलांना बोलावून तिने प्रत्येकाच्या हातावर फूल काढून दिले आणि त्या दिवशी कोणीही न सांगता अकरा वेळा हात धुतले. हात धुण्याचे नाव काढताच पलंगाखाली लपणारे मूल आपण होऊन बेसिनकडे धावते, हे पाहून पैसे वसूल झाले असे आम्हाला वाटले.

अडचण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ध्यानात आली. मुलगी फूल काढायची, ते कौतुकाने पाहायची आणि लगेच नळाखाली धरून वाहू द्यायची. फूल मोडू नये म्हणून ती हात एकमेकांवर चोळतच नव्हती. हात स्वच्छ होण्यातले मुख्य काम तर चोळण्यानेच होते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलकट पदार्थाला चिकटते. हातावरचा तेलकट मळ आणि त्यात अडकलेले जंतू चोळल्यामुळे सुटे होतात, साबण त्यांना वेढतो आणि मग ते पाण्याबरोबर वाहून जातात. त्यासाठी किमान 20 सेकंद हात चोळावेत, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, अंगठा आणि हाताची मागची बाजू सोडू नये, असे आरोग्यतज्ज्ञ सांगतात. आमच्याकडे सगळा कार्यक्रम चार सेकंदांत आटोपत होता आणि नखांतली शिवाजी पार्कची माती तशीच राहत होती. बाटलीच्या खोक्यावर हात कसे चोळावेत याचे एकही चित्र नाही. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूतली ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते.

यावर उपाय सासूबाईंनी काढला. तिन्हीसांजेला घरी आलेल्या मुलाने हातपाय धुतल्याशिवाय देवापुढे बसायचे नाही, हा त्यांच्या घरचा जुना शिरस्ता. एका संध्याकाळी मुलीने विचारले, "आजी, फूल काढू का?" त्या म्हणाल्या, "काढ की बाळा, पण बे एके बे पासून बे दाहे वीस पर्यंत म्हणत फूल दोन्ही हातांना वाटून टाकायचं. एकही बोट उपाशी ठेवायचं नाही." मी घड्याळ लावून पाहिले, मुलीच्या संथ सुरात बेचा पाढा पुरा व्हायला 22 सेकंद लागतात. तेव्हापासून आमच्याकडे हात पाढ्यावरच धुतले जातात. कोणते बोट उपाशी राहिले हे तीच तपासते, आणि अंगठा बहुतेक वेळा शेवटी सापडतो. या खेळासाठी फुलाचीच गरज आहे असे नाही, साध्या साबणानेही तो तितकाच रंगतो, पण फूल होते म्हणून "वाटून टाकण्याची" कल्पना सुचली, एवढे श्रेय मी बाटलीला अवश्य देईन.

बाटलीसोबत आलेल्या द्रवाबद्दल मात्र मी समाधानी नाही. त्याला स्ट्रॉबेरीचा इतका गोड वास होता की दुसऱ्याच दिवशी मुलीने फेस चाटून पाहिला. लहान मुलांच्या साबणाला खाऊचा वास देणे मला अयोग्य वाटते; जी वस्तू तोंडात घालायची नाही, तिने जिभेला बोलावू नये. वेष्टनावर जंतुनाशाचा मोठा दावा होता, घटकांची यादी मात्र नव्हती. अशा दाव्यांनी पालकांनी भुलू नये. ट्रायक्लोसानसह 19 जंतुनाशक घटक असलेले घरगुती साबण विकण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये बंदी घातली, कारण रोजच्या वापरात ते साध्या साबण-पाण्यापेक्षा अधिक गुणकारी असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नव्हते. मी तो द्रव ओतून टाकला आणि घरातला नेहमीचा सौम्य हँडवॉश एक भाग व उकळून गार केलेले पाणी चार भाग असे मिश्रण भरले. याहून दाट मिश्रणाने जाळी तुंबते. पाणी घातल्याने साबणातील टिकवणारे घटकही पातळ होतात, म्हणून मिश्रण आठवड्यापुरतेच करावे आणि पुन्हा भरण्यापूर्वी बाटली धुऊन वाळवावी.

पंपाची स्प्रिंग मोठ्या माणसाच्या हाताला ठीक असली तरी मुलीच्या हाताला कडक लागते. दोन्ही हातांनी दाबावे तर बाटली धरायला हात उरत नाही, आणि एका हाताने दाबावे तर बाटली ओल्या कडप्प्यावर घसरते. खाली रबरी चटईचा तुकडा चिकटवल्यावर घसरणे थांबले. जुलैत पंप अडकला. कोमट पाण्यात तासभर बुडवून पंधरा-वीस वेळा दाबल्यावर तो सुटला, पण ऑगस्टअखेर फुलाच्या दोन पाकळ्या उमटेनाशा झाल्या. 280 रुपयांच्या वस्तूने एका पावसाळ्यात एवढे थकू नये.

आता स्टुलाविषयी, कारण खरा बदल त्याने घडवला. माझे यजमान लालबागच्या चाळीत वाढले. तिथे खोलीच्या कोपऱ्यात मोरी होती, मोरीत पाण्याने भरलेली बादली आणि तिच्यावर तांब्या. तीन वर्षांचे मूलही मोरीत उकिडवे बसून आपले हातपाय आपण धुऊ शकत असे, कारण पाणी त्याच्या उंचीवर होते. आता तीच माणसे उंच इमारतींत राहायला गेली, मोरीची जागा बेसिनने घेतली, आणि नळ मुलांच्या हातून निसटला. आमचे बेसिन जमिनीपासून 80 सेंटिमीटरवर आहे आणि मुलीची उंची 104 सेंटिमीटर. नळ उघडायचा म्हटले की तिला कोणीतरी काखेत धरून उचलायचे, पोट बेसिनच्या कडेला दाबले जायचे, बाह्या ओल्या व्हायच्या आणि उचलणाऱ्याला घाई असायची. ती हात धुण्याला का कंटाळत होती, याचे उत्तर मला इतकी वर्षे स्वतः आरामात नळाशी उभी राहत असल्यामुळे दिसले नव्हते. ते उत्तर स्टुलावर ती पहिल्यांदा एकटी उभी राहिली तेव्हा मिळाले. तिने नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला आणि आरशात स्वतःकडे पाहिले. त्या दिवसापासून "मला धुऊन दे" हे वाक्य आमच्या घरातून गेले.

स्टूल चांगले आहे. वरची पायरी 22 सेंटिमीटर उंच असून दोन्ही पाय सहज मावतील इतकी रुंद आहे, चारही पायांना रबराच्या टोप्या आहेत आणि ओल्या फरशीवरही ते सरकत नाही. पायरीवरची खडबडीत पट्टी मात्र पावसाळ्याच्या दमटपणात सुटू लागली. ती आम्ही नव्याने चिकटवली. घेताना दुकानातच त्यावर मुलाला उभे करून पाहावे आणि रबराच्या टोप्या ओढून पाहाव्यात. नळ हाती आल्यावर मुले पाण्याशी खेळतात हेही खरे. आमच्या इमारतीत पाणी ठरावीक वेळीच येते, त्यामुळे "फूल वाटताना नळ झोपतो" असा नियम केला आणि पाढा संपल्यावरच नळ उघडायचा, हे मुलीने लवकर स्वीकारले.

वाळूच्या घड्याळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन मिनिटांची वाळू अचूक पडते, मुलीला ती आवडते, आणि आरशाला चिकटवायची रबरी वाटी दर दोन दिवसांनी गळून पडते. या वयाच्या मुलाचे हात दाढांच्या मागेपर्यंत नीट पोचत नाहीत, म्हणून वाळूच्या पहिल्या अर्ध्यात ती घासते आणि उरलेल्या अर्ध्यात मी घासते. पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यायची आणि चूळ भरून थुंकायची, हे आम्ही दोघी मिळून पाळतो.

घरी जमलेली गोष्ट बाहेर टिकवणे अवघड जाते, हेही नोंदवले पाहिजे. 15 ऑक्टोबरला जागतिक हात धुण्याचा दिवस असतो. 2008 पासून तो जगभर पाळला जातो. त्यासाठी मुलीच्या बालवाडीने हातांचे चित्र रंगवून आणायला सांगितले आहे, परंतु डबा खाण्यापूर्वी मुले जिथे हात धुतात त्या बेसिनवर साबण नसतो. मला याचे मनापासून वाईट वाटले. आम्ही चार पालकांनी मिळून साबणाच्या वडीचे चार तुकडे केले, ते जाळीच्या पिशव्यांत घालून नळांना बांधायला दिले. अख्खी वडी लहान हातात मावत नाही आणि खाली पडते. जाळीतला तुकडा पडत नाही, चटकन वाळतो आणि जाळीवरच फेस होतो. बालवाडीच्या बाईंनी तो आनंदाने बांधला, आणि डब्याच्या वेळी आता तिथेही बेचा पाढा ऐकू येतो.

माझे मत असे. स्टूल निःसंकोच घ्यावे, आणि मुलाला नळ दिसायला लागल्याबरोबर घ्यावे. वाळूचे घड्याळ परवडत असेल तर घ्यावे. फुलाची बाटली घ्यायचीच असेल तर भेटवस्तू म्हणून घ्यावी, आतला द्रव बदलावा, पंप एका लहान हाताने दाबला जातो का हे दुकानातच पाहावे आणि ती वर्षभर चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. आमची बाटली आता तीनच पाकळ्या देते. नवी आणू का, असे मी परवा मुलीला विचारले. तिने नको म्हटले, जाळीच्या पिशवीतला साबण मागितला, आणि स्टूल ओढून बेसिनपाशी नेले.