बादलीला लावायचा रॉड होल्डर, बर्फावरच्या मासेमारीसाठी
अमेरिकेतल्या मिनेसोटात गोठलेल्या तलावावर एकाला दोन गळ टाकता येतात, एक रॉड हातात धरला की दुसऱ्याचं काय करायचं, म्हणून हा बादलीच्या काठाला अडकवायचा होल्डर घेतला आणि मिल लॅक्स तलावावर दोन विकेंड वापरला. यात रॉड तराजूच्या दांडीसारखा तोलून राहतो, वॉलाय माशाने आमिषाला नुसतं तोंड लावलं तरी टोक हळूच खाली झुकतं, माशाला ओढ जाणवत नाही म्हणून तो आमिष लगेच सोडत नाही, हे खरंच भारी आहे! प्लास्टिकचा स्क्रू मात्र बेकार, पाणी उडून गोठला आणि ग्लोव्हज काढून थर्मासमधला गरम चहा ओतून सोडवावा लागला. आता स्टीलचा टाकलाय. घ्याच, पण बादलीत थोडं वजन ठेवा, मोठा मासा लागला तर रिकामी बादली सरळ बर्फात पाडलेल्या भोकाकडे सरकते.