अर्ज पाठवल्यानंतरची सेवा : ठाण्यातील एका परदेशी शिक्षण सल्लागाराबद्दल

गेल्या आठवड्यात या सल्लागार संस्थेकडून मला एक संदेश आला. पाच तारे आणि चार ओळींचा अभिप्राय दिल्यास मुलीसाठी ट्रॉली बॅग भेट मिळेल, असे त्यात लिहिले होते. बॅग आम्ही आधीच घेतली आहे आणि जे सांगायचे आहे ते चार ओळींत मावणारे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण चौकशीच्या वेळी आम्ही नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत अशा चार ठिकाणी जाऊन आलो होतो आणि कामाची पद्धत चारही ठिकाणी जवळपास सारखीच होती.

माझी मुलगी स्थापत्य अभियंता असून वागळे इस्टेटमधल्या एका लहान कार्यालयात नोकरी करते. वाहतूक अभियांत्रिकीत एमएस करण्यासाठी तिने अमेरिकेतील सात विद्यापीठांत अर्ज केले. संस्थेचे कार्यालय राम मारुती रोडच्या एका गल्लीत, साड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे स्कूटर लावायला जागा मिळणे अशक्य, त्यामुळे आम्ही गोखले रोडवरून चालतच जात असू. सात अर्जांच्या पूर्ण पॅकेजची फी ६५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ७६,७०० रुपये. विद्यापीठांची अर्ज-फी वेगळी. रक्कम दोन हप्त्यांत द्यायची होती आणि दुसरा हप्ता शेवटचा अर्ज जाण्याआधी. बँकेच्या कर्ज विभागात माझी २६ वर्षे गेली आहेत. काम पूर्ण होण्याआधी सगळे पैसे चुकते करू नयेत, हे मी कर्जदारांना शेकडो वेळा सांगितले आहे, आणि तरीही पावती हातात घेताना अर्ज गेल्यानंतरच्या कामासाठी संस्थेचा एक रुपयाही अडकलेला नाही, हे माझ्या लक्षात आले नाही.

अर्ज जाईपर्यंतचे काम मात्र उत्तम झाले. एसओपी (अर्जासोबत द्यायचा स्वतःबद्दलचा निबंध) पाहण्यासाठी नेमलेली तरुण मुलगी आपल्या विषयात पक्की आहे. आमच्या कन्येच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात ‘लहानपणापासून मला रस्ते आणि पूल यांचे आकर्षण होते’ अशी होती. ते वाक्य तिने सरळ खोडले आणि विचारले, “तू रोज कामावर कोणत्या रस्त्याने जातेस?” त्या एका प्रश्नावरून तीन हात नाका निघाला. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी त्या चौकात सकाळ-संध्याकाळ उभे राहून वाहने मोजली होती; डावीकडे वळणाऱ्या रिक्षा मोजणीच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात घालायच्या, यावरून त्यांच्यात झालेला वादही निबंधात आला. सहा मसुदे झाले आणि सहाव्यात आमची मुलगी मला ओळखू आली. शिफारसपत्रांच्या बाबतीतही या मुलीने प्राध्यापकांना योग्य वेळी आणि अदबीने आठवण करून दिली. इतक्याच कामाचे परीक्षण करायचे असते, तर ट्रॉली बॅग न घेताही मी पाच तारे दिले असते.

शेवटचा अर्ज १५ जानेवारीला गेला आणि तिथून संस्थेचा रस हळूहळू ओसरला.

या कार्यालयाच्या प्रतीक्षा-कक्षात, सोफ्याच्या अगदी वर, देवळात असते तशी पितळी घंटा टांगलेली आहे. कुणाचा अ‍ॅडमिट (प्रवेशाचा होकार) आला की त्या विद्यार्थ्याने येऊन ती वाजवायची, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा आणि तो फोटो विद्यापीठाच्या चिन्हासह व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा, अशी पद्धत आहे. पेढे वाटायलाही हरकत नाही, पण सोफ्यावर बसलेली बाकीची मुले उत्तराची वाट पाहत असतात. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही पाऊण तास तिथे बसलो होतो, त्यात घंटा दोनदा वाजली. दुसऱ्या वेळी मुलीने टाळ्या वाजवल्या आणि नंतर बराच वेळ ती हाताच्या तळव्यांकडे पाहत राहिली. गटाचा त्रास याहून मोठा होता. सव्वाशे मुलांच्या त्या गटावर रोज कुणाचा ना कुणाचा आनंद झळकत असे. नकार तिथे कुणीच लिहीत नसे, त्यामुळे जगात आपल्यालाच काही मिळालेले नाही अशी प्रत्येकाची समजूत होत असे. गट बंद करून ठेव, असे मी सुचवले, पण संस्थेच्या सूचनाही त्याच गटावर येत असल्याने तीही सोय नव्हती.

वाट पाहण्याचे खरे काम रात्री चालते, हे ज्यांच्या घरात कुणी अर्ज केलेला नाही त्यांना माहीत नसते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणजे तिथले कार्यालय सकाळी नऊला उघडते तेव्हा ठाण्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि ते बंद होते तेव्हा पहाटेचे साडेतीन. पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठे तर आपल्याकडे रात्री साडेदहाला जागी होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे सरकतात, त्या दिवशी मुलीने भिंतीवर चिकटवलेला वेळेचा कागद काढून नवा लावला. उशीखाली मोबाइल, पाण्याला उठल्याचे निमित्त, स्वयंपाकघरातला दिवा, आणि दिवा पाहून उठलेली मी, असा आमच्या घरचा नित्यक्रम अडीच महिने होता. सकाळी साडेनऊला तिला कामावर हजर व्हायचे असे आणि दहाला मला बँकेत.

आता मुख्य तक्रार. संस्थेने अर्जांसाठी मुलीच्या नावाने स्वतंत्र ई-मेल पत्ता उघडला होता. त्याचा पासवर्ड आम्हालाही दिलेला होता, पण ‘वारंवार लॉगिन केल्यास खाते बंद पडते, सगळे आम्ही पाहतो, तुम्ही फक्त आमचा डॅशबोर्ड पाहा’ अशी सूचना होती. डॅशबोर्डवर, म्हणजे अर्जांची स्थिती दाखवणाऱ्या संस्थेच्या पानावर, सातही विद्यापीठांसमोर हिरव्या रंगात ‘अंडर रिव्ह्यू’ (विचाराधीन) असे दिसे. १० फेब्रुवारीच्या रात्री मुलीने न राहवून एका विद्यापीठाचे मूळ पोर्टल, म्हणजे अर्जाचे संकेतस्थळ, उघडले, तर तिथे कागदपत्रांच्या यादीत आठव्या सत्राच्या गुणपत्रिकेसमोर ती मिळाली नसल्याची खूण होती. त्याबद्दलचा ई-मेलही २० जानेवारीलाच येऊन पडला होता आणि तो उघडला गेलेला होता. म्हणजे कुणीतरी तो वाचला होता. झाले होते असे की, अंतिम निकाल लागण्याआधी आम्ही सात सत्रांची फाइल दिली होती, नंतर आठवी गुणपत्रिकाही दिली, आणि सहा अर्जांना नवी फाइल जोडली गेली, सातव्याला जुनीच. चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. लेजरमध्ये मीही चुका केल्या आहेत. परंतु डॅशबोर्डवरील तो हिरवा शब्द पोर्टलवरून आपोआप येत नसून कार्यालयातील एक मुलगा तो हाताने भरतो, हे त्या दिवशी कळले. संस्थेच्या मालकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, तसे सगळेच अंडर रिव्ह्यू असतात हो.”

गुणपत्रिका त्याच रात्री मुलीने स्वतः चढवली आणि विभागाला क्षमा मागणारे चार ओळींचे पत्र लिहिले. त्या पत्राचा मसुदाही एसओपीवाल्या मुलीनेच रात्री साडेअकराला घरून तपासून दिला, हे नोंदवायला हवे. दुसऱ्या दिवशी सातही पोर्टलवर संपर्काचा ई-मेल बदलून आम्ही मुलीचा स्वतःचा पत्ता दिला. त्या सातव्या विद्यापीठाने प्रतीक्षायादीत ठेवले आणि पुढे मे महिन्यात जागा नसल्याचे कळवले. तीन आठवड्यांच्या उशिरामुळेच असे झाले असे मी म्हणणार नाही, कारण ते मला सिद्ध करता येणार नाही. पण तसे झालेच नाही, असेही संस्थेला सिद्ध करता येणार नाही.

दुसरी तक्रार माहितीची. उत्तर का येत नाही, असे विचारले की कार्यालयातून एकच वाक्य ऐकू येई, ‘१५ एप्रिलपर्यंत सगळ्यांचे निकाल लागतात.’ ठाणेकरांना १६ एप्रिल ही तारीख ठाऊक असते, कारण १८५३ साली त्या दिवशी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली; यंदा आमच्या घरात मात्र १५ एप्रिलचा जप चालू होता. नंतर मुलीने मूळ मजकूर काढून वाचला, तेव्हा ही तारीख निकालांची नसल्याचे कळले. अमेरिकेतील काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संस्थेचा तो ठराव आहे आणि ज्या विद्यार्थ्यांना प्रवेशासोबत शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप (विद्यापीठात काम करून मिळणारी आर्थिक मदत) देऊ केली आहे, त्यांच्यावर त्या तारखेपूर्वी होकार-नकार कळवण्याची सक्ती करू नये, असे ठरावावर सही केलेल्या विद्यापीठांनी मान्य केलेले आहे. स्वखर्चाने एमएस करणाऱ्यांना त्याचा थेट लाभ नाही. फार तर इतकाच, की आर्थिक मदत मिळालेल्यांनी नकार कळवला की मागच्यांसाठी जागा मोकळ्या होतात आणि प्रतीक्षायादी त्या तारखेच्या पुढेमागे हलते. अनेक विभागांत पीएचडीच्या आणि आर्थिक मदतीच्या अर्जांचा निर्णय आधी होतो, एमएसचे अर्ज नंतर पाहिले जातात. समितीतले प्राध्यापक शिकवणे सांभाळून ते वाचतात आणि उत्तरे टप्प्याटप्प्याने सुटतात. त्यामुळे आपल्याच विभागात दुसऱ्याला अ‍ॅडमिट आला म्हणजे आपला नकार ठरला, असे होत नाही. एवढे कुणी जानेवारीत एका कागदावर लिहून दिले असते, तर आमच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या. ७६,७०० रुपयांत तो कागद बसायला हरकत नव्हती.

याच काळात संस्थेने एक आठवे विद्यापीठ सुचवले. अर्ज-फी माफ होती, उत्तर चार दिवसांत आले आणि ते होकाराचे होते. घरात सगळ्यांना हायसे वाटले, मलाही वाटले. मग जागा राखण्यासाठी अनामत भरा, म्हणून रोज फोन सुरू झाले. ज्या संस्थेला गुणपत्रिकेचा ई-मेल तीन आठवडे दिसला नाही, तिला या अनामतीची मुदत तासासह पाठ होती. अशा अनेक सल्लागारांचे ठरावीक विद्यापीठांशी करार असतात आणि विद्यार्थ्याने प्रवेश घेतला की त्यांना कमिशन मिळते. त्यात बेकायदा काही नाही. विमा एजंटालाही मिळते. मात्र थकलेल्या, घाबरलेल्या मुलीला आणि तिच्या आईला ते आधी सांगितले पाहिजे. आम्ही विचारल्यावर ‘टाय-अप आहे’ एवढेच उत्तर मिळाले. अनामत भरली नाही.

पहिला नकार २२ फेब्रुवारीला रात्री १ वाजून २० मिनिटांनी आला. पहिला होकार आला तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री पावणेबाराला. मी दुधाला विरजण लावत होते. मुलगी मोबाइल पुढे धरून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “आई, तूच बघ गं.” ई-मेलमध्ये निर्णय लिहिलेला नसतो, तुमच्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे, पोर्टलवर पाहा, एवढेच असते. तिने पासवर्ड दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा पान उघडले, मी चष्म्याविना पहिला शब्द वाचला आणि विरजणाचा चमचा तसाच हातात राहिला. दुसऱ्या दिवशी दही लागलेच नव्हते.

एकूण हिशेब असा, की सातपैकी तीन होकार, दोन नकार, एक प्रतीक्षायादीतून नकार आणि एकाचे उत्तर आज जुलै उजाडला तरी आलेले नाही. त्या पोर्टलवर अजूनही अर्ज विचाराधीन आहे. आलेल्या तिन्हींपैकी एक तिने स्वीकारले आहे. घंटा वाजवायला या, असे संस्थेकडून तीनदा निमंत्रण आले. मुलगी गेली, एसओपीवाल्या मुलीला पेढे दिले, आणि सोफ्यावर तिघे बसलेले पाहून घंटा न वाजवताच परत आली.

आमच्या सोसायटीतील दोघांनी या वर्षी कुठे जावे, असे विचारले आहे. त्यांना सांगितले तेच इथे लिहिते. प्राथमिक माहितीसाठी पैसे मोजू नयेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या एज्युकेशनयूएसए या जाळ्याचे मुंबईत केंद्र आहे. या संस्थेकडे जायचेच असेल, तर केवळ एसओपीचे काम द्यावे. त्याची वेगळी फी १८,००० रुपये असून ती दरपत्रकात छापलेली नाही, विचारल्यावरच सांगतात. ई-मेल पत्ता आणि पासवर्ड स्वतःचाच ठेवावा, अर्ज गेल्यावर प्रत्येक पोर्टलवरील कागदपत्रांची यादी आठवड्यातून एकदा दिवसाउजेडी पाहावी, आणि भेटीची वेळ सकाळी अकराची घ्यावी. त्या वेळी कार्यालय शांत असते, स्कूटरलाही जागा मिळते आणि सहसा कुणी घंटा वाजवायला आलेले नसते.