पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी पुस्तकं: स्तर छापलेली घ्यावीत की नुसती चित्रांची?

नागपुरात सीताबर्डीवर किंवा धरमपेठेत गोष्टीची पुस्तकं मिळतात भरपूर. अडतं ते आपल्या पोराला कोणतं झेपेल, इथे. काहींवर वाचनाचा स्तर छापलेला असतो, काहींवर वयोगट, काहींवर काहीच नाही. दुकानदार हमखास वय विचारतो, पण वयावरून काही कळत नाही. दुसरीच्या एकाच बाकावरची दोन मुलं घ्या: एक अजून काना-मात्रा लावत असतं, दुसरं गोष्ट संपवून मोकळं.

स्तरांची सगळ्यात चोख आखणी प्रथम बुक्सची. 2004 पासूनची ही ना-नफा संस्था. पहिल्या स्तरात 250 पेक्षा कमी शब्द आणि तेच ते पुन्हा पुन्हा, दुसऱ्यात 250 ते 600, तिसऱ्यात 600 ते 1500, चौथा त्यापुढचा. पुस्तकं स्वस्त, आणि 2015 साली सुरू झालेल्या त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर भरपूर गोष्टी फुकट वाचायला मिळतात. म्हणजे पैसे मोजण्याआधी मोबाइलवर दोन पानं वाचून घेऊन अंदाज येतो.

हे आकडे निपुण भारतच्या उद्दिष्टांशेजारी ठेवून बघा. 2021 मध्ये केंद्रानं सुरू केलेल्या या मोहिमेत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान 60 शब्द वाचता यावेत, असं धरलंय. त्या वेगानं पहिल्या स्तराचं पुस्तक पाच मिनिटांत संपतं. तिसऱ्या स्तराचं जाड पुस्तक तिसरीच्या मुलाला पंचवीस मिनिटं बसवतं, तेही कुठे न अडखळता. एवढी बैठक किती पोरांची असते, हे तुम्हीच बघताय.

पण मुलं मराठीत अडतात ती शब्दसंख्येवर नाही, जोडाक्षरांवर. 'आई घरी आली. ऊन फार तापलं.' हे एका दमात होतं. पुढे 'उन्हाळ्याच्या' आलं की गाडी थांबते: चार अक्षरं, त्यातली तीन जोडाक्षरं. शिवाय 'तो' सोपा असला तरी 'त्याच्या', 'तिच्याकडे', 'त्यांना' टाळून मराठीत गोष्ट सांगताच येत नाही. त्यातून प्रथमची बरीच पुस्तकं दुसऱ्या भाषांतून आलेली. तिथलं सोपं वाक्य मराठीत सोपं उतरेलच असं नाही. म्हणून छापलेला स्तर बघून झाला की मधलं एखादं पान उघडून जोडाक्षरं मोजा. 'सूर्य'मधला रफार आणि 'दुसऱ्या'मधला ऱ्या दिसला की जरा जास्तच सावध.

ज्योत्स्ना प्रकाशनाच्या चित्रपुस्तकांचं याच्या उलट आहे. त्यातली अनेक मुळातच मराठीत लिहिलेली, त्यामुळे वाक्याची चाल मुलाच्या कानाला ओळखीची वाटते आणि पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज बांधता येतो. हा अंदाज वाचनात फार कामाचा. माझा कल इकडे आहे, स्तर तुम्हालाच ठरवावा लागला तरी. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालाही बघा. स्वस्त आहे, विषय खूप आहेत, पण पहिलीच्या मुलासाठी निवडून घ्यावी लागतात.

'एका पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक कठीण' हा बोटांचा नियम तुम्ही ऐकला असेल. तो भरगच्च पानाचा आहे. पहिल्या स्तराच्या पानावर मुळात दोन-तीन ओळी, तिथे दोन शब्द अडले तरी पुरे, खालचं पुस्तक घ्या. फक्त न वाचता येणं आणि न समजणं यांत गल्लत नको. आपल्याकडची पोरं 'कोथिंबीर' स्वच्छ वाचतील आणि विचारतील, "म्हणजे काय गं?" घरी तर सांभार म्हणतात ना. हा शब्द अडलेल्यांत धरायचा नाही.

इंग्रजी शाळेत जाणाऱ्यांचा हिशोब वेगळा. इंग्रजी पुस्तकांवर स्तराची ए (सोपं) ते झेड (कठीण) अशी अक्षरं असतात, नाही तर लेक्साइलचा आकडा. तो वाक्यांची लांबी आणि शब्द किती वापरातले आहेत, यावरून काढतात. अमेरिकेत दुसरी संपताना मूल 'एम'च्या आसपास असावं अशी अपेक्षा असते. घरी मराठी, खाली खेळताना हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या नागपूरच्या मुलाला ते माप लावून झोप उडवून घेऊ नका. हिंदीचा एक फायदा मात्र आहे. लिपी तीच, त्यामुळे हिंदी वाचणाऱ्या मुलाला 'ळ' आणि 'ऱ्या'सारखं एखादं अक्षर सोडलं तर अक्षरं नव्यानं शिकवावी लागत नाहीत.

खरी पंचाईत होते ती तिसरीतल्या अशा मुलीची, जी इंग्रजीत जाड पुस्तक वाचते आणि मराठीत पहिल्या स्तरावर अडते. तिला ससा-कासव दिलं तर ती तोंड वाकडं करणार, आणि बरोबरच आहे तिचं. तिला प्राण्यांची, यंत्रांची, आकाशाची माहिती देणारं पहिल्या-दुसऱ्या स्तराचं पुस्तक द्या. मजकूर थोडा, पण विषय तिच्या वयाचा. द्विभाषिक पुस्तक तिच्यासाठी मी टाळेन; नजर आपोआप इंग्रजी ओळीवर जाते.

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेव्हा सुट्टीची खरेदी थोडी सढळ हातानं करा. मूल आता आरामात वाचतं त्या स्तराची तीन-चार, त्याच्या वरचं एकच, आणि तुम्ही वाचून दाखवायला ज्योत्स्नाचं एखादं. वाचून दाखवायचं पुस्तक बिनधास्त दोन स्तर वरचं घ्या, कारण कानानं मूल कितीतरी जास्त समजतं. 'किशोर'ची वर्गणी भरायची घाई इतक्यात नको. बालभारतीचं हे 1971 पासूनचं मासिक स्वतः वाचायचं तर चौथी-पाचवी उजाडावी लागते.