न्यू लॅनार्क : खाणपट्ट्यातल्या माणसांनी पाहावे असे गिरणगाव

गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोली-साखळीकडून इंग्लंडमध्ये स्विंडनला किंवा लंडनला मुलाकडे, भावाकडे जाणारी माणसे आता वाड्यावाड्यावर आहेत. त्यांनी स्कॉटलंडपर्यंत मजल मारलीच, तर एक पूर्ण दिवस न्यू लॅनार्कसाठी ठेवावा. क्लाइड नदीच्या घळीतले हे छोटेसे गाव १७८५ मध्ये सूतगिरणीसाठी वसवले गेले. गिरणी १९६८ मध्ये बंद पडली. आज तिथे कुटुंबे राहतात, सूत निघते आणि नदीच्या पाण्यावर वीजही तयार होते.

ग्लासगो सेंट्रलहून लॅनार्कची गाडी साधारण तासाभरात पोचते. स्टेशनापासून गाव दोनेक किलोमीटर, सगळा उतार. उतरताना काही वाटत नाही, परतीचा चढ मात्र दमवतो. वाहनतळही वरच्या अंगाला आहे. सोबत आई-बाबा असतील तर परतीच्या बसची वेळ आधीच विचारून ठेवावी.

आत शिरल्यावर इमारतींच्या आधी पाणी पाहा, कारण पाण्यामुळेच गाव इथे झाले. ग्लासगोचा व्यापारी डेव्हिड डेल आणि पाण्यावर चालणाऱ्या सूतकताई यंत्राचा कर्ता रिचर्ड आर्कराइट यांनी ही जागा हेरली, ती क्लाइडच्या धबधब्यांसाठी. बंधारा घालून पाणी अडवले, खडक फोडून बोगद्यातून पाट काढला आणि ते पाणी गिरण्यांच्या चाकांवर सोडले. आपल्याकडे कुळागरात पाट फिरवणाऱ्याला ही रचना न सांगता कळेल. पाटाच्या कडेने चालत गेलात, की गिरण्या एका ओळीत का बांधल्या ते डोळ्यांना दिसते. तिसऱ्या गिरणीत १९३१ ची टर्बाइन अजून चालू आहे.

गिरणीतले खरे आकर्षण म्हणजे सूत कातणारे चालते म्यूल यंत्र. शेकडो चात्या बसवलेला लांबलचक गाडा रुळांवरून बाहेर येतो. येताना पेळू ताणला जातो आणि त्याला पीळ बसतो. गाडा मागे जाताना तयार सूत चात्यांवर गुंडाळले जाते. हे सारखे चालू असते. धागा तुटला तर चालत्या गाड्याबरोबर पुढे-मागे होत तो जोडायचा. खाली सांडलेला कापूस गोळा करायला यंत्राखाली सरपटत जायचे काम लहान मुलांचे असे. हवेत कापसाचे तंतू, खाली तेल मुरलेल्या लाकडी जमिनी आणि उजेडाला उघडी ज्योत, त्यामुळे आगीही लागत. पहिली गिरणी १७८८ मध्ये जळाली, तिसरी १८१९ मध्ये, चौथी १८८३ मध्ये. चौथी पुन्हा बांधलीच नाही.

आज या म्यूलवर लोकर कातली जाते, कापूस नाही, हे ध्यानात ठेवावे. ही लोकर दुकानात मिळते. गोव्यात आणणार असाल तर थंड पाण्यात न चोळता धुवावी (गरम पाण्यात चोळली की तंतू एकमेकांत अडकून कपडा आटतो), पूर्ण सुकवून हवाबंद पिशवीत ठेवावी. पावसाळ्यातल्या दमट कपाटात उघडी लोकर बुरसते.

डेलचा जावई रॉबर्ट ओवेन १८०० पासून गिरणीचा कारभार पाहू लागला. त्याने दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणे थांबवले, १८१६ मध्ये शिक्षणासाठी संस्था उघडली आणि चांगला माल रास्त भावात देणारे गावदुकान काढले. प्रत्येक कामगारापाशी लाकडाचा चौकोनी ठोकळा टांगलेला असे. काळा, निळा, पिवळा, पांढरा. जी बाजू समोर, तो कालच्या कामाचा शेरा. याला सुधारणा म्हणायचे की पाळत, ते आपले आपण ठरवावे. मला तरी त्यात दोन्ही दिसते. कापूस गुलामांच्या मळ्यांतून येई, आणि डेल मात्र ग्लासगोच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष होता. वाटाड्याला यावर जरूर प्रश्न विचारा.

आपल्यासाठी सर्वात मोलाची गोष्ट निराळीच आहे. अमेरिकेने कापसाची निर्यात रोखली तेव्हा गिरण्या चार महिने बंद होत्या. ओवेनने यंत्रे पुसून-तेलवून ठेवण्याचे काम दिले आणि पगार पूर्ण चालू ठेवला. २०१२ आणि २०१८ ची खाणबंदी ज्यांनी ट्रकचे हप्ते थकवून काढली, त्यांनी हे फलकावर वाचून पुढे जाऊ नये, थोडे थांबावे.

वेळ कमी असेल तर पाळण्यात बसून फिरायची राईड मुलांवर सोडा आणि तो वेळ शाळेच्या इमारतीला द्या. कोरा लिन धबधबा पाहायला नदीकाठच्या वाटेने वर जाता येते. पण १९२० च्या दशकात झालेल्या बॉनिंग्टन वीजकेंद्राकडे पाणी वळवले जाते, म्हणून कोरड्या दिवसांत धार बारीक दिसते. ऑगस्टातल्या दूधसागराची अपेक्षा ठेवून जाऊ नये. भरपूर पाऊस पडून गेल्यावर जावे.

शेवटी कॅथनेस रो ही कामगारांच्या घरांची ओळ पाहा. गिरणी अजून चालू असतानाच, १९६३ मध्ये, एक गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि तिने जुनी घरे दुरुस्त करून लोकांना राहायला द्यायला सुरुवात केली. गिरणी बंद पडल्यावर इमारती भंगार-धातूचा धंदा करणाऱ्या कंपनीच्या हाती गेल्या. त्या १९८३ मध्ये सक्तीने संपादित कराव्या लागल्या. पहिल्या गिरणीत हॉटेल १९९८ मध्ये आले, युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा २००१ मध्ये. म्हणजे आधी वस्ती, मग संग्रहालय, आणि पर्यटक सर्वात शेवटी. शिरगाव-पाळीच्या खाणी, आमोणा-सारमानसचे बार्ज धक्के यांचे पुढे काय करायचे, याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा पर्यटनापासून सुरू होते. न्यू लॅनार्कमधली ही तारखांची ओळ वहीत उतरवून आणा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.