२४, ६० की ७७ गिगाहर्ट्झ: पहिला रडार कुठला घ्यावा?

फायनल इयरची मुलं असोत की छोटा कारखानदार, पहिला प्रश्न एकच: चिप केवढ्याला? मिलिमीटर लहरींत खिसा चिप कापत नाही, बोर्ड कापतो.

७७ चंच बघा. लहरीची लांबी जेमतेम ३.९ मिलिमीटर. रॉजर्स कंपनीच्या आरओ३००३ लॅमिनेटवर (उच्च वारंवारतेसाठीचा खास बोर्ड) पॅच अँटेना, म्हणजे बोर्डवरचा तांब्याचा चपटा तुकडा, येतो साधारण १.१ मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा. एचिंगमध्ये (नको असलेलं तांबं रसायनाने काढताना) तो ५० मायक्रॉन लांब राहिला, की ७७ चा अँटेना साडेत्र्याहत्तरच्या आसपास जाऊन बसतो. गाड्यांच्या रडारचा पट्टा ७६ ते ८१ चा, म्हणजे आपण पार बाहेर. नेहमीचं एफआर-४, म्हणजे साध्या सर्किट बोर्डचं फायबरग्लास, वापरून पैसे वाचवू म्हणाल, तर एका सेंटिमीटरच्या ट्रॅकमध्येच जवळपास अर्धी पॉवर बोर्ड खातो. हा शहाणपणा मी एकदा केलाय. बोर्ड दिसायला देखणा. पण समोर पत्रा धरला तरी एफएफटीत (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करणारं गणित) पीक म्हणून दिसेना. गाडीसाठीच बनवत असाल तर ७७ ला पर्याय नाही. बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

२४ सगळ्यात स्वस्त. हाय-लिंकच्या एलडी२४१० सारखं मॉड्यूल काहीशे रुपयांत मिळतं. पण आयएसएम पट्टा (उद्योग, विज्ञान, वैद्यकासाठी ठेवलेला) २५० मेगाहर्ट्झचाच, त्यामुळे अंतराचं रिझोल्यूशन, म्हणजे दोन वस्तू वेगळ्या दिसायला लागणारं किमान अंतर, ६० सेंटिमीटर. खेटून उभी दोन माणसं त्याला एकच दिसतात. खोलीत कुणी आहे का, दिवा लावू का, एवढ्यापुरतं झकास.

माझं मत ६० ला. अँटेना चिपच्या पॅकेजमध्येच असलेली घ्या. ६० गिगाहर्ट्झ बाहेरच्या बोर्डवर उतरतच नाही, मग साधं एफआर-४ चालतं. ४ गिगाहर्ट्झचा स्वीप दिला, म्हणजे वारंवारता तेवढ्या पट्ट्यातून फिरवली, की रिझोल्यूशन पावणेचार सेंटिमीटर.

इथे खरी निवड दोघांत. इन्फिनिऑनची बीजीटी६०टीआर१३सी सिलिकॉन-जर्मेनियमची: एक ट्रान्समीटर, तीन रिसीव्हर, बॅटरीवर चालवण्याजोगी. मात्र हिशेब सगळा तुमच्या मायक्रोकंट्रोलरने करायचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आयडब्ल्यूआर६८४३एओपी सीमॉसची (नेहमीच्या सिलिकॉन चिपचं तंत्र): तीन ट्रान्समीटर, चार रिसीव्हर, शिवाय डीएसपी (सिग्नलचा हिशेब करणारा प्रोसेसर) आणि एआरएम कोअर पोटातच, त्यामुळे पॉइंट क्लाउड, म्हणजे समोरच्या वस्तूंचे बिंदू, तयार हातात. ती तापते, उष्णता बाहेर काढायची सोय आधीच करा. कोड लिहिणारा माणूस नसेल तर तरीही हीच.

एक मात्र आहे. २०१९ चा पिक्सेल ४ फोन गुगलने भारतात विकायला आणलाच नाही. त्यातल्या सोली या हातवारे ओळखणाऱ्या रडारला इथे ६० गिगाहर्ट्झची परवानगी नव्हती. माल विकायचा असेल तर ऑर्डर टाकण्याआधी स्पेक्ट्रमचे सध्याचे नियम बघून घ्या.