खर्च मोजायचा कशाने: आजाराने, पॅकेजने की सेवेच्या प्रकाराने?

परळ-दादर भागातील एखाद्या धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्तांना ‘यंदा पैसा नेमका कुठे गेला?’ याचे उत्तर हवे असेल, तर बिलांची वर्गवारी कोणत्या निकषावर करायची, हे नवी संगणकप्रणाली घेण्याआधीच ठरवावे लागते. नमुन्यादाखल डायलिसिसच्या रुग्णाचे बिल घेऊ: डायलिसिस, रक्तवाढीसाठी दिले जाणारे एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन, हिमोग्लोबिनची तपासणी आणि डॉक्टरांचे शुल्क.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणानुसार या चारही ओळी ‘एन १८’, म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, याखाली जातील. कोणत्या आजारावर किती खर्च झाला हे त्यातून समजते, मात्र खर्च इंजेक्शनांमुळे वाढला की तपासण्यांमुळे, हे उमगत नाही. शिवाय रुग्णाला टाइप-२ मधुमेहही (ई ११) असेल, तर तो खर्च कोणाच्या नावे मांडायचा, हा वाद उरतोच.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखी पॅकेजपद्धत मुळात दाव्यांसाठी आहे. पॅकेजची रक्कम ठरलेली असल्याने आत काय वापरले गेले ते झाकलेले राहते, आणि रोखीने पैसे भरणारे रुग्ण हिशेबाबाहेरच राहतात.

अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या खर्चवाढीचा अभ्यास करण्यासाठी आखलेली, सेवेच्या प्रकारानुसार गट पाडणारी मूळ ‘बेटॉस’ वर्गवारी मला या कामासाठी अधिक उपयोगी वाटते. तीत सल्ला-तपासणी, प्रक्रिया, इमेजिंग, चाचण्या, टिकाऊ उपकरणे, इतर आणि अवर्गीकृत असे ७ मुख्य गट असून प्रत्येक सेवा एकाच गटात बसते. त्यामुळे बेरीज दुहेरी होत नाही. आपल्या बिलातील डायलिसिस प्रक्रियांत, हिमोग्लोबिन चाचण्यांत आणि शुल्क सल्ल्यात जाते. इंजेक्शन मात्र ‘इतर’मध्ये पडते, आणि ‘इतर’ हे खाते कोणत्याही हिशेबवहीत सर्वांत आधी फुगते, म्हणून औषधांचा गट वेगळा काढणे श्रेयस्कर. तेथे प्रत्येक वैद्यकीय सेवेला दिल्या जाणाऱ्या सीपीटी कोडचे हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे असल्याने गटांची कल्पना घ्यावी आणि आपल्याच दरपत्रकातील प्रत्येक ओळ त्यांत बसवावी.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांसाठी, म्हणजे देशाच्या एकूण आरोग्यखर्चाच्या हिशेबासाठी, वापरली जाणारी २०११ ची आंतरराष्ट्रीय चौकट देशपातळीवर उत्तम आहे. पण तीत दाखल रुग्णाची रक्ततपासणी उपचारात धरली जाते आणि तीच तपासणी बाहेरून येऊन केली तर साहाय्यक सेवेत. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला हा भेद अडचणीचाच ठरेल.

तेव्हा बिलाच्या प्रत्येक ओळीला सेवेचा गट आणि केसपेपरला आयसीडीचा कोड, अशी जोडी ठेवावी. कोड मात्र डॉक्टरांनीच लिहावा. कॅश काउंटरवरच्या कारकुनावर ते काम सोपवू नये.