स्तरित की समूह, स्तरित की कोटा: नमुना निवडपद्धत ओळखताना आणि ठरवताना

प्रबंधात ‘यादृच्छिक नमुना घेतला’ असं वाक्य असतं आणि पुढच्याच परिच्छेदात कळतं, की ग्रंथालयात जे विद्यार्थी भेटले त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली. हा सोयीस्कर नमुना आहे; यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकून निवडल्यासारखा, नव्हे. पद्धत ओळखायची तर दोन गोष्टी तपासा: निवडीआधी सर्व घटकांची किंवा निदान त्यांच्या गटांची यादी हाती होती का, आणि शेवटची व्यक्ती यादृच्छिक संख्येने ठरवली की माणसाने? माणसाने ठरवली असेल, तर नमुना असंभाव्यतेचा, म्हणजे कोणाची निवड होण्याची शक्यता किती हे सांगता न येणारा. मग त्रुटीमर्यादा (खरा आकडा अंदाजाच्या किती मागेपुढे असू शकतो) लिहायचा हक्क उरत नाही.

साधा यादृच्छिक आणि पद्धतशीर

दोन्हींना यादी लागते. साध्यात प्रत्येक नाव यादृच्छिक संख्येने निवडतात, पद्धतशीरमध्ये ठरावीक अंतराने: 1200 नावांतून 100 हवी असतील तर अंतर 12. 1 ते 12 मधला एक आकडा यादृच्छिकपणे काढायचा; 7 आला तर 7, 19, 31 असं 1195 पर्यंत. क्षेत्रकामात हे सोपं पडतं. पण यादीलाच लय असेल तर घात होतो. प्रत्येक मजल्यावर 12 घरं असतील आणि यादी मजल्यांच्या क्रमाने असेल, तर निवडलेलं प्रत्येक घर एकाच जागेवरचं येतं. अशा वेळी साधा यादृच्छिक नमुनाच घ्या.

स्तरित आणि समूह

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. स्तरित पद्धतीत सगळे गट घेतात आणि प्रत्येकातून काही माणसं निवडतात. समूह पद्धतीत काहीच गट निवडतात आणि त्यांतली सगळी किंवा बरीच माणसं घेतात. म्हणून स्तर आतून एकसारखा असलेला बरा, समूह आतून जितका विविध तितका चांगला.

1200 कामगारांत 900 कायम, 240 कंत्राटी, 60 शिकाऊ असतील, तर 100 च्या प्रमाणशीर नमुन्यात 75, 20 आणि 5 येतात. पाच शिकाऊंवरून त्यांच्याविषयी काहीही सांगता येत नाही. तुलना हवी असेल तर 50, 20, 30 घ्या. मात्र एकूण सरासरी काढताना अनुक्रमे 18, 12 आणि 2 हे भार लावायलाच हवेत. हे भार विसरले की मूठभर शिकाऊ सगळा निष्कर्ष ओढून नेतात.

माणसांची यादी नसून फक्त शाळांची किंवा वस्त्यांची असेल, तर समूह पद्धत निवडावी लागते. तिची किंमत मोजायची तयारी ठेवा: एका समूहातली माणसं एकमेकांसारखी असतात. नमुना किती पट वाढवायचा याचं सूत्र 1 + (म − 1) × र. इथे म म्हणजे प्रत्येक समूहातली माणसं, र म्हणजे त्यांच्यातलं साधर्म्य. 95 टक्के विश्वासपातळी (100 पैकी 95 नमुन्यांत अंदाज त्रुटीमर्यादेत बसणं) आणि 5 टक्के त्रुटीला साध्या यादृच्छिक नमुन्यात 385 माणसं पुरतात. र 0.05 असताना दर समूहात 20 घेतल्यास 751 लागतात, 10 घेतल्यास 559. तेव्हा समूह वाढवा, प्रत्येकातली माणसं कमी करा. समूह लहानमोठे असतील तर आकाराच्या प्रमाणात संधी द्या.

कोटा

कागदावर हा स्तरित नमुन्याचा जुळा भाऊ दिसतो. कोणत्या गटातून किती माणसं हा तक्ता तोच, पण रकाने कुणाला घेऊन भरायचे हे मुलाखतकार ठरवतो आणि तो सहज भेटणाऱ्यांकडे वळतो. 1948 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत गॅलप या संस्थेसह प्रमुख जनमत चाचण्यांनी उमेदवार डुई जिंकतील म्हटलं, जिंकले त्यांचे प्रतिस्पर्धी ट्रूमन. कोटा हे त्याचं एक कारण होतं. चाचण्या लवकर थांबवणं हे दुसरं. मोठ्या आकाराने हा दोष धुऊन निघत नाही. 1936 च्या अमेरिकी निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या मासिकाच्या चाचणीकडे 20 लाखांहून अधिक उत्तरं आली होती, तरी रूझवेल्ट हरतील हा अंदाज साफ चुकला.

यादृच्छिक नमुनाही नकळत बिघडतो: निवडलेलं घर बंद दिसलं की शेजारचं घेतलं जातं. दिवसा घरी असणाऱ्यांचं पारडं त्यामुळे जड होतं. वेगवेगळ्या वेळी किमान तीनदा जा आणि तरीही भेट झाली नाही तर ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद करा.

सहेतुक आणि हिमगोल

सखोल मुलाखतींसाठी सहेतुक निवड, म्हणजे विषयाला उपयोगी माणसं मुद्दाम निवडणं, अगदी योग्य. फक्त निवडीचे निकष आधी लिहून ठेवा. कागदपत्रं नसलेले स्थलांतरित किंवा व्यसनी व्यक्ती यांची यादी कुठेच नसते, तिथे हिमगोल पद्धत कामी येते: भेटलेली व्यक्ती पुढच्या व्यक्तींची नावं सुचवते. एकाच ओळखीपासून सुरुवात केली तर एकाच मित्रमंडळात अडकाल. परस्परांना न ओळखणारे चार-पाच जण आरंभी घ्या, एकाकडून तीनपेक्षा जास्त नावं घेऊ नका आणि कोणी कोणाला सुचवलं याची सांकेतिक क्रमांकांनी नोंद ठेवा.